रुग्णालयाविरुद्ध निष्काळजीपणाचा दावा : दिल्ली परिसरातील रुग्णांपुढील कायदेशीर मार्ग

दिल्लीतील महाराजा अग्रसेन रुग्णालयात २००५ मध्ये एका बालकाचा जन्म गर्भधारणेच्या बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे अकाली झाला. अकाली जन्मलेल्या बालकांच्या दृष्टिपटलास विशिष्ट विकार होण्याचा धोका असतो. ठरावीक मुदतीत डोळ्यांची तपासणी झाल्यास त्यावर उपचार करता येतात. या बालकाची दृष्टी मात्र कायमची गेली. तपासणी वेळेवर केली होती, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ते मान्य केले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१९ रोजी आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवून भरपाईची रक्कम ७६ लाख रुपये केली. तोपर्यंत ते बालक चौदा वर्षांचे झाले होते.

रुग्णालयाविरुद्ध दावा करणे म्हणजे काय, त्यात काय मिळू शकते आणि त्यासाठी किती काळ थांबावे लागते, हे या एका प्रकरणावरून लक्षात येते. दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा आणि गाझियाबाद येथील मोठ्या रुग्णालयांत देशभरातून रुग्ण येतात. त्यांत महाराष्ट्रातील रुग्णांचाही समावेश असतो. उपचारात चूक झाली अशी शंका आल्यास कोणत्या यंत्रणेकडे जावे, तेथे काय सिद्ध करावे लागते आणि कोणत्या मुदती पाळाव्या लागतात, याची माहिती येथे दिली आहे.

निष्काळजीपणा कशाला म्हणतात

उपचार अयशस्वी होणे किंवा रुग्ण दगावणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. डॉक्टरने बरे करण्याची हमी दिलेली नसते. त्याच्या क्षेत्रातील सामान्य कौशल्याच्या डॉक्टरकडून अपेक्षित असलेली काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य असते.

या विषयावरील भारतीय कायद्याचा पाया महाराष्ट्रातील एका प्रकरणाने घातला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यातील रुग्णालयात नेण्यात आले. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवल्यामुळे धक्का बसून त्याचा मृत्यू झाला, अशी पालकांची तक्रार होती. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाने १९६८ मध्ये पालकांच्या बाजूने निकाल दिला. भरपाईची रक्कम ३ हजार रुपये होती. डॉक्टरची तीन कर्तव्ये या निकालाने सांगितली : रुग्णाला उपचारासाठी स्वीकारायचे की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी घेणे आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. आजही तक्रारीचा मसुदा करताना हे तीन प्रश्न उपयोगी पडतात.

एकाच आजारावर दोन मान्यताप्राप्त उपचारपद्धती असतील आणि डॉक्टरने त्यांपैकी एक निवडली असेल, तर केवळ दुसरी अधिक चांगली होती असे म्हणून दावा टिकत नाही. दिल्लीच्या बत्रा रुग्णालयात मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या मृत्यूबद्दल राष्ट्रीय आयोगाने १७ लाख रुपयांची भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ती रद्द केली. पुरेसा वैद्यकीय पुरावा नसताना केवळ मृत्यूवरून निष्काळजीपणा गृहीत धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

रुग्ण हा ग्राहक

बहुतेक दावे ग्राहक आयोगाकडे दाखल होतात. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला. पैसे घेऊन दिलेले उपचार या कक्षेत येतात. विमा कंपनीने किंवा सेवाशर्तींनुसार मालकाने खर्च केला असला, तरी रुग्ण ग्राहकच असतो. जेथे सर्वच रुग्णांना विनामूल्य सेवा मिळते, ती रुग्णालये मात्र या कक्षेबाहेर आहेत. केवळ नोंदणीसाठी नाममात्र शुल्क घेतल्याने ही स्थिती बदलत नाही.

याच निकालातील एक मुद्दा दिल्लीसाठी विशेष महत्त्वाचा आहे. एखादे रुग्णालय काही रुग्णांकडून पैसे घेत असेल आणि काहींवर विनामूल्य उपचार करत असेल, तर विनामूल्य उपचार घेणारा रुग्णही ग्राहक ठरतो. सवलतीच्या दरात सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील खासगी रुग्णालयांनी आंतररुग्ण विभागातील १० टक्के खाटा आणि बाह्यरुग्ण विभागातील २५ टक्के सेवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना विनामूल्य द्याव्यात, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये या बंधनावर शिक्कामोर्तब केले. अशा खाटेवर उपचार घेतलेला गरीब रुग्णही आयोगाकडे जाऊ शकतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील ‘सेवे’च्या व्याख्येत आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख नसल्याने ती वगळली गेली, असा युक्तिवाद करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. मे २०२४ मध्ये वकिलांच्या सेवेसंबंधीच्या एका निकालात १९९५ च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, असे मत व्यक्त झाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्याची गरज नसल्याचे स्पष्ट केले.

पहिले काम कागदपत्रांचे

दाव्याचे यश बहुतांशी कागदपत्रांवर अवलंबून असते आणि ही कागदपत्रे रुग्णालयाच्याच ताब्यात असतात. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेसंबंधीच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणे बंधनकारक आहे. रुग्णाला नोंदी मिळण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये मान्य केला होता.

मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्ड पुरेसे नसते. दाखल करतेवेळचा केस पेपर, डॉक्टरांच्या दैनंदिन नोंदी, परिचारिकांचे तक्ते, औषधांची नोंद, शस्त्रक्रियेचा व भूल दिल्याचा अहवाल, संमतिपत्रे, सर्व तपासण्यांचे अहवाल आणि तपशीलवार बिले मागावीत. तीन वर्षांच्या मर्यादेमुळे ही मागणी लांबवणे धोक्याचे असते. नोंदी देण्यास रुग्णालयाने टाळाटाळ केली, तर लेखी मागणीची पोच हाच आयोगापुढील महत्त्वाचा पुरावा ठरतो.

मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदनाचा निर्णय कुटुंबाला दुःखाच्या पहिल्या काही तासांतच घ्यावा लागतो. मृत्यूचे कारण वादग्रस्त ठरण्याची शक्यता असेल, तर शवविच्छेदन अहवालाची जागा नंतर दुसरा कोणताही कागद घेऊ शकत नाही.

कोणत्या आयोगाकडे जावे

आयोगाचे तीन स्तर आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार उपचारासाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, ५० लाखांहून अधिक व २ कोटींपर्यंत असल्यास राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास नवी दिल्लीतील राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. येथे मागितलेली भरपाई विचारात घेतली जात नाही, प्रत्यक्ष भरलेली रक्कम पाहिली जाते. १९८६ च्या कायद्यात मागितलेल्या भरपाईचाही हिशेब होत असे. ही नवी पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली. परिणामी १ कोटी रुपयांची भरपाई मागणारा, पण ४ लाखांचे बिल भरलेला रुग्ण आता जिल्हा आयोगाकडे जातो.

शुल्कही याच रकमेवर ठरते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांसाठी १ हजार रुपये शुल्क आहे. वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. त्यासाठी सप्टेंबर २०२० मध्ये ‘ई-दाखिल’ ही सुविधा सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ ही एकत्रित यंत्रणा उपलब्ध आहे.

बाहेरगावच्या रुग्णांसाठी २०१९ च्या कायद्यातील एक तरतूद मोलाची आहे. तक्रारदार ज्या ठिकाणी राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. गुरुग्राममधील रुग्णालयात उपचार घेतलेला नागपूरचा रहिवासी नागपूरच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. रुग्ण अज्ञान असल्यास पालक आणि मृत्यू झाला असल्यास कायदेशीर वारस तक्रार करू शकतात.

दोन वर्षांची मुदत

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. विलंबास सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. मुंबईतील एका प्रकरणात १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या परिचारिकेला पुढे अनेक वर्षे वेदना होत होत्या. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत तिच्या पोटातून कापडी पट्टी निघाली. तक्रार २००४ मध्ये दाखल झाली. दोष पोटात दडलेला असल्यास रुग्णाला तो कळला तेव्हापासून मुदत मोजता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले. परंतु सतत वेदना होत असताना, आणि स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असताना, तिने वेळीच चौकशी करायला हवी होती, असे सांगून तक्रार मुदतबाह्य ठरवली.

कोणाला प्रतिवादी करावे

मोठ्या रुग्णालयात नेमकी चूक कोणाची, हे रुग्णाला सांगता येतेच असे नाही. दिल्लीतील नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटविरुद्धची तक्रार उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पक्षकार केले नाही म्हणून राष्ट्रीय आयोगाने फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये तो आदेश रद्द केला. रुग्ण रुग्णालयावर विश्वास ठेवून दाखल होतो, त्यामुळे रुग्णालयाला पक्षकार करणे पुरेसे आहे. प्राथमिक पुरावा समोर आल्यावर आपल्याकडून कसूर झाली नाही, हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते, असे न्यायालयाने नमूद केले.

कर्मचाऱ्याच्या चुकीचा भारही रुग्णालयावर पडतो. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयात डिसेंबर १९९३ मध्ये विषमज्वराच्या उपचारासाठी दाखल झालेल्या मुलाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. राष्ट्रीय आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मानसिक यातनांसाठी ५ लाख रुपये मंजूर केले. मार्च १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला. सेवा घेणारा मुलगा आणि त्यासाठी पैसे देणारे आईवडील, असे दोघेही ग्राहक आहेत, हे या निकालाने ठरले.

तज्ज्ञाचे मत आणि संमतीचा प्रश्न

गुंतागुंतीच्या प्रकरणात स्वतंत्र तज्ज्ञाचे लेखी मत दाव्याला बळ देते. अनेकदा आयोग कागदपत्रे सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडे पाठवून अहवाल मागवतो. दिल्लीत हे काम बऱ्याचदा अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडे सोपवले जाते. मात्र प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये हैदराबादच्या निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलसंबंधीच्या निकालात स्पष्ट केले. पोटात राहिलेली पट्टी किंवा चुकीच्या अवयवावरील शस्त्रक्रिया यांसारख्या घटना स्वतःच बोलतात.

संमतीचा भंग हा दाव्याचा स्वतंत्र आधार आहे. दिल्लीतील एका महिलेने १९९५ मध्ये निदानासाठी दुर्बिणीद्वारे तपासणीस संमती दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी लागू होत नाही आणि सज्ञान रुग्णाच्या वतीने, प्राणावर बेतलेले नसताना, दुसरे कोणी संमती देऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिला. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या योग्य असली, तरी हे तत्त्व बदलत नाही.

वैद्यकीय परिषदेकडे तक्रार

डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे वाटत असल्यास राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद ताकीद देऊ शकते किंवा डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काही काळासाठी अथवा कायमचे काढू शकते. भरपाई देण्याचा अधिकार तिला नाही. तरीही तिचा प्रतिकूल निष्कर्ष ग्राहक आयोगापुढे उपयोगी पडतो.

राजधानी परिसरात कोणत्या परिषदेकडे जायचे, याबाबत गोंधळ होतो. गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात, तर नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात आहेत. त्यामुळे संबंधित डॉक्टरची नोंदणी कोठे आहे, हे आधी पाहावे. दिल्ली वैद्यकीय परिषद १९९७ च्या कायद्याने स्थापन झाली. २०२५ मध्ये ती बरखास्त करण्याचा निर्णय झाला. म्हणून दिल्लीतील तक्रार पाठवण्यापूर्वी परिषदेचा कारभार त्या वेळी कोणाकडे आहे, याची चौकशी करणे आवश्यक आहे.

रुग्णालयाच्या परवान्याचा प्रश्न आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येतो. शालीमार बाग येथील मॅक्स रुग्णालयात जिवंत नवजात बालकाला मृत घोषित केल्याच्या प्रकरणी दिल्ली सरकारने ८ डिसेंबर २०१७ रोजी परवाना रद्द केला. काही दिवसांतच अपिलात त्यास स्थगिती मिळाली.

फौजदारी कारवाईची मर्यादा

संतापाच्या भरात कुटुंबीय प्रथम पोलीस ठाण्यात जातात. परंतु फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर स्वरूपाचा असावा लागतो. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी सांगितले, की दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे विश्वासार्ह मत असल्याशिवाय खासगी फिर्याद दाखल करून घेऊ नये, तपास अधिकाऱ्यानेही कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि डॉक्टरला केवळ आरोप झाला म्हणून अटक करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार नोंदणीकृत डॉक्टरच्या उपचारादरम्यान निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा पाच वर्षांची आहे. फौजदारी खटला आणि ग्राहक तक्रार एकाच वेळी चालू शकतात.

सरकारी रुग्णालयात चूक झाल्यास

पूर्णतः विनामूल्य सरकारी रुग्णालयातील चुकीसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला असतो. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि तिचा मृत्यू झाला. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या कसुरीस राज्य सरकार जबाबदार असल्याचे ठरवले आणि ३६ हजार रुपयांचा हुकूमनामा कायम केला. दिवाणी दाव्याच्या मुदतीचे नियम वेगळे असल्याने त्याबाबत वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा.

भरपाई आणि प्रतीक्षा

उपचारांचा खर्च, पुढील आयुष्यात लागणारी शुश्रूषा, बुडालेले उत्पन्न, मानसिक यातना आणि दाव्याचा खर्च यांचा भरपाईत विचार होतो. प्रत्येक बाबीसाठी बिल, प्राप्तिकर विवरण किंवा वेतनाचा दाखला जोडावा. कोलकात्यात उपचार झालेल्या आणि मे १९९८ मध्ये मुंबईत निधन पावलेल्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये ५ कोटी ९६ लाख रुपये व्याजासह मंजूर केले. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा यांनी ही लढाई पंधरा वर्षे चालवली.

कायद्यानुसार रुग्णालयाला ३० दिवसांत, आणि अधिकाधिक आणखी १५ दिवसांत, लेखी उत्तर द्यावे लागते. तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली निघावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वैद्यकीय प्रकरणांना अनेक वर्षे लागतात. जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. भरपाई देण्याचा आदेश झालेल्या रुग्णालयाला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली प्रकरणे मध्यस्थीकडे पाठवली जात नाहीत.

तक्रारीपूर्वी मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या नागरिकांना १९८७ च्या कायद्यानुसार विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर संपर्क साधता येतो.